लॉक लावले, तरी "गोरी तीच सुंदर" घरात येतेच. ४ ते ८ वयाच्या मुलांसाठी काय करता येईल?

निंबोणी
नमस्कार मंडळी. मुलगी ४ वर्षांची, मुलगा ७ पूर्ण. आजी-आजोबा सोबतच राहतात. हॉलमध्ये एक स्मार्ट टीव्ही, त्याला सेट-टॉप बॉक्सही जोडलेला. आजी आणि आजोबा दोघांकडे अँड्रॉइड फोन. यूट्यूब किड्स आणि नेटफ्लिक्सचे किड्स प्रोफाइल केले आहे, वेळही ठरवलेली आहे. त्यामुळे रक्तपात, नग्नता वगैरे बऱ्यापैकी अडते.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सावळ्या मुलीला हसणे, जाड्या मुलाची टिंगल, "मुलगी असून असं बोलतेस?", राग आला की थोबाडीत, अमुक पावडर दुधात घातली की उंची वाढते, हे सगळे 'यू' प्रमाणपत्राच्या सिनेमात, कार्टूनमध्ये आणि संध्याकाळच्या मालिकांत बिनबोभाट बसलेले असते. कुठलेच लॉक ते पकडत नाही.

तर विचारायचे असे: सेटिंगमध्ये अजून काय राहिले आहे? या वयाच्या मुलांशी बोलायचे तर नेमक्या कोणत्या शब्दांत, कारण "हे वाईट आहे" एवढे सांगून काही होत नाही? आणि मोठ्यांच्या मालिकांचे काय करायचे? टीव्ही विकून टाका हा सल्ला कृपया नको.

तारवाला
सेटिंगचे मी सांगतो, बोलण्याचे जाणकार सांगतील.

यूट्यूब किड्समध्ये वयाचे तीन गट आहेत: प्रीस्कूल (४ पर्यंत), यंगर (५ ते ८), ओल्डर (९ ते १२). कुठलाही घेतला तरी व्हिडिओ पुढे सरकवतो तो संगणकच. २०१७ मध्ये 'एल्सागेट' नावाने जो प्रकार गाजला, तो याच फटीतून शिरला होता. वर ओळखीच्या कार्टून पात्रांची चित्रे, आत इंजेक्शने, मारहाण आणि काहीबाही. नंतर बरीच साफसफाई झाली, पण चाळणी अजून यंत्राचीच आहे. म्हणून चौथा पर्याय घ्या: पालकांनी मंजूर केलेलेच दिसेल असा. यात शोधही आपोआप बंद होतो. दोन मुलांची दोन प्रोफाइले करा. आणि मंजुरी शक्यतो सुट्या व्हिडिओंना द्या, सबंध चॅनेलला नको. चॅनेलला दिली की उद्या तिथे जे नवीन पडेल त्यालाही तुमचा होकार धरला जातो. १५-२० व्हिडिओ महिनाभर पुरतात, या वयात मुलांना तेच तेच बघायचे असते.

आता एक गंमत. या ॲपमध्ये पालकांच्या सेटिंगचे कुलूप उघडायला आपणहून एक गुणाकार विचारला जातो, ७ गुणिले ८ असा. सात वर्षांच्या मुलाचे पाढे पाठ असतील तर ते कुलूप नव्हेच. तिथे स्वतःचा चार आकडी पासकोड टाका.

नेटफ्लिक्समध्ये बहुतेक घरी उलटे केलेले असते. मुलांचे प्रोफाइल केले, पण मोठ्यांचे उघडे. मूल प्रोफाइल बदलून आरामात पलीकडे जाते. पिन मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला हवा. त्याच पानावर पुढचा भाग आणि झलक आपोआप सुरू होण्याच्या दोन वेगवेगळ्या खुणा आहेत, दोन्ही काढा. झलक बंद करणे जास्त महत्त्वाचे, कारण सिनेमा निवडताना जे अर्धा मिनिट दिसते ते कुणीच निवडलेले नसते.

टीव्हीवरचे मुख्य यूट्यूब ही खरी गळती. तिथे आजोबांचे खाते चालू असेल तर आजोबांच्या पाहण्यावरून शिफारशी येतात आणि त्या नातवंडांपुढे उघडतात. त्या खात्याचा 'वॉच हिस्टरी' आधी पूर्ण पुसा आणि मग बंद करा. दोन्ही करायचे, नुसते बंद करून जुना इतिहास ठेवला तर शिफारशी राहतात. दोन्ही केले की होमपेज जवळजवळ कोरे होते. आजोबांची कीर्तने आणि क्रिकेट 'सबस्क्रिप्शन'मध्ये शाबूत राहते, त्यामुळे भांडणही होत नाही. रिस्ट्रिक्टेड मोड सुरू करा, पण त्याच्यावर विसंबू नका. तो अश्लीलता आणि हिंसा बघतो, टिंगल त्याला कळत नाही. शिवाय तो त्या त्या उपकरणापुरता असतो. टीव्हीवर लावला म्हणून फोनवर लागत नाही.

फोनचे थोडक्यात. मुलाच्या हातात द्यायचाच असेल तर 'ॲप पिनिंग' (फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवणारी सोय) करून द्या, बाहेर पडताना पिन मागेल अशी खूण लावून. आयफोनमध्ये हेच काम 'गायडेड ॲक्सेस' करते. फुकटच्या खेळांत मधे मधे येणाऱ्या जाहिराती कुणाच्याच हातात नसतात, तेव्हा खेळताना फोन विमान मोडवर टाका; बऱ्याच खेळांतल्या जाहिराती तेवढ्याने बंद पडतात. आणि व्हॉट्सॲपमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा. नाहीतर नातेवाइकांच्या ग्रुपवरचे अपघाताचे व्हिडिओ आणि बायकोवरचे विनोद थेट गॅलरीत जाऊन बसतात, आणि मुले फोनमध्ये पहिल्यांदा उघडतात ती गॅलरीच.

सेट-टॉप बॉक्सला चॅनेल लॉक असते, पण २०१९ पासून आपल्याला चॅनेल सुटे निवडता येतात. नको ते चॅनेल पॅकमधूनच काढणे हे सगळ्यात भक्कम लॉक, पिन विसरायचा प्रश्न नाही.

पाटीपेन्सिल
वरच्याला अनुमोदन. आता बोलण्याचे. हे वयाप्रमाणे बदलते, म्हणून दोन मुलांना एकच वाक्य चालणार नाही.

चार वर्षांच्या मुलीला कार्यक्रम कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हेच नीट कळत नाही. सात वर्षांच्याला जाहिरात ओळखता येते, पण समोरचा आपल्याला काहीतरी विकायला बसला आहे हा हेतू साधारण आठव्या वर्षाच्या आसपास समजू लागतो. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या २००४ च्या अहवालात याच कारणासाठी आठ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिराती करण्यावर बंधने सुचवली होती. म्हणजे मुलीसाठी उपाय एकच: जाहिरात लागली की आवाज बंद, किंवा जाहिरात नसलेलेच दाखवणे. मुलासाठी मात्र खेळ करता येतो. "हे काय विकतायत? कुणाला विकतायत? काय लपवलंय?" तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डब्याच्या पाठीमागे मिळते. पोषणाच्या तक्त्यात साखरेची ओळ शोधायला लावा आणि १०० ग्रॅममागे जो आकडा असेल तेवढी साखर वाटीत मोजून दाखवा. सात वर्षांचा मुलगा ते विसरत नाही.

मोठ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज "शेवटी बोध आहे ना!" हा. गोष्टीत पंधरा मिनिटे एकाला सगळे चिडवतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत माफी मागतात. मोठ्यांना ती गोष्ट माफीची वाटते. बालवाडीच्या वयाचे मूल पंधरा मिनिटे चिडवायच्या युक्त्या बघते आणि शेवट वेगळा धरते. परदेशात एका कार्टूनवर असा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन पायांच्या कुत्र्याला इतर कुत्री आधी घाबरतात, मग स्वीकारतात. बोध होता, वेगळ्या माणसांना सामावून घ्या. बहुतेक मुलांनी घेतला तो एवढाच, की तीन पायांच्या कुत्र्याशी चांगले वागावे. माणसापर्यंत ते पोचलेच नाही.

म्हणून थांबवायचे ते मधेच, चूक घडते त्या क्षणी. भाग संपल्यावरचे प्रवचन वाया जाते. रिमोट हातात ठेवा, पॉज करा, एक वाक्य बोला, पुन्हा सुरू करा. एका भागात एकदा, फार तर दोनदा. त्याहून जास्त केले की मुले तुम्हालाच टाळायला लागतात.

वाक्ये साधारण अशी:

"सगळे तिच्या रंगाला हसले. तिचा चेहरा बघ. तिला कसं वाटलं?" थांबा, उत्तर येऊ द्या. मग "रंग आई-बाबांकडून येतो, तुझा पण, माझा पण." भाषण नको.

"कार्टूनमध्ये लागत नाही कारण ते चित्र आहे. खऱ्या गालाला लागतं. याला राग आला होता, मग दुसरं काय करता आलं असतं?"

"हा पडला म्हणून हसायला आलं, की जाडा आहे म्हणून?" हे सात वर्षांच्याला विचारा, चार वर्षांच्या मुलीला नको. तिच्या जे डोक्यातही नव्हते ते आपणच भरवू.

तुलनेची वाक्ये टाळा. "मुलीसुद्धा मुलग्यांइतक्याच हुशार असतात" हे ऐकायला छान, पण त्यात मोजपट्टी मुलग्याची झाली. "मुलगे आणि मुली दोघे गणित करतात" एवढेच म्हणा.

आणि मुलांच्या शेजारी बसून गप्प राहणे सगळ्यात महाग पडते. आईबाबा बघत होते आणि काही बोलले नाहीत, म्हणजे हे चालते असा अर्थ मूल लावते. तुम्ही हसलात तर विचारायलाच नको. एकट्याने पाहिलेल्यापेक्षा मोठ्यांच्या मूक साक्षीने पाहिलेले जास्त पक्के होते. बोलायची ताकद नसेल त्या दिवशी लावूच नका.

यातले काहीही "उन्हात खेळू नको, काळी होशील" म्हणणाऱ्या घरात टिकत नाही, हेही सांगून ठेवते. टीव्हीच्या आधी ते वाक्य बंद करा.

कट्टेकरी
एवढे काय त्यात? मागच्या पिढीने हेच सिनेमे, हीच टिंगल बघितली. बिघडली का ती?

पाटीपेन्सिल
@कट्टेकरी, तीच पिढी स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी, गृहकृत्यदक्ष' लिहीत आली की! फरक मात्रेचाही आहे. रविवारचा एक सिनेमा वेगळा आणि तीच तीस सेकंदांची क्लिप दिवसातून वीस वेळा वेगळी. लहान मुले पुनरावृत्तीतून शिकतात, बडबडगीत पाठ होते ते असेच.

कलम_सात
लॉक आणि संवाद झाले. तिसरे अंग तक्रारीचे, त्याचा कंटाळा सगळ्यांनाच, पण नियम बऱ्यापैकी स्पष्ट आहेत.

ओटीटीवर २०२१ च्या नियमांप्रमाणे यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए असे वर्ग लावावे लागतात आणि १३+ पासून वर पालकांसाठी लॉक द्यावेच लागते. म्हणजे ७+ ला लॉक देण्याची सक्ती नाही. तुमच्या मुलीसाठी नेमका तोच वर्ग अडचणीचा. प्रोफाइलची मर्यादा हाताने 'यू'वर आणून ठेवा. सिनेमांनाही २०२३ च्या दुरुस्तीनंतर हेच ७, १३, १६ आले. पण थिएटरमध्ये 'ए' सोडून कुणालाच दारात अडवत नाहीत, यूए हा पालकांना दिलेला सल्ला असतो.

टीव्ही मालिकांना असे वयाचे शिक्के नाहीत. तिथे १९९४ चे केबल टीव्हीचे नियम लागू होतात. नियम ६ म्हणजे कार्यक्रमांची संहिता, ७ जाहिरातींची. सर्वाधिक मुले बघत असतात त्या वेळी मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नये, असे नियम ६ मध्ये शब्दशः आहे. तक्रार आधी वाहिनीकडे करायची. त्यांनी १५ दिवसांत निकाल द्यायचा, समाधान झाले नाही तर त्यांच्या स्वनियामक संस्थेकडे.

जाहिरातींसाठी ९ जून २०२२ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे वाचून ठेवा. चिप्स, गोड सोडा पेये वगैरेंची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा मुलांच्या वाहिनीवर करायची नाही. हे खाल्ले-प्यायले की बुद्धी किंवा ताकद वाढते असा दावा पुराव्याशिवाय करायचा नाही. छुप्या जाहिरातीही बंद, म्हणजे वेलचीच्या नावाखाली पानमसाला विकणे. पळवाट अशी की क्रिकेटचा सामना 'मुलांचा कार्यक्रम' धरत नाहीत, म्हणून तिथे सगळे ओतले जाते. सामन्यात षटक संपले की आवाज बंद, याला पर्याय दिसत नाही.

उंचीच्या पावडरीचे विचारलेत. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. आजींना समजावताना हे उपयोगी पडते.

तक्रार बाद होते ती तपशिलाअभावी. वाहिनी, तारीख, वेळ, उत्पादन, आधी-नंतर लागलेला कार्यक्रम आणि फोनवर घेतलेली दहा सेकंदांची क्लिप एवढे जोडा. "हल्लीच्या जाहिराती फार वाईट" असे पत्र थेट टोपलीत जाते. जाहिरातीसाठी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेच्या संकेतस्थळावर अर्ज आहे. गोरे करणाऱ्या क्रीम वगैरेंच्या जाहिरातींसाठी त्यांची २०१४ ची स्वतंत्र तत्त्वे आहेत, रंगावरून कुणाला कमी दाखवायचे नाही अशी; त्यांचा उल्लेख करा. फसव्या दाव्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

निंबोणी
खूप उपयोगी. दोन शंका. मुलगा शिनचॅन बघतो, ते बंद करावे का? आणि मालिकांचे राहिलेच. संध्याकाळी ७ ते ८.३० आजींच्या मालिका असतात, तोच मुलांच्या जेवणाचा वेळ.

पाटीपेन्सिल
शिनचॅनची मूळ चित्रकथा जपानमध्ये १९९० मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली. पाच वर्षांचा मुलगा मोठ्यांची फजिती करतो हा विनोद मोठ्यांसाठीच होता. आपल्याकडे २००८ मध्ये त्यावर बंदी आली आणि नंतर काटछाट करून ते परत आले. कार्टून म्हणजे लहान मुलांचे, हे समीकरण इथे चुकते. सात वर्षांच्याला मधे मधे पॉज करून चालेल, चार वर्षांच्या मुलीला नकोच, कारण ती उपरोध पकडत नाही, नक्कल पकडते. एकदम तोडायचे नसेल तर बहीण झोपल्यावरची वेळ ठरवा.

उंबरठा
मालिकांबद्दल. आजींना "तुमच्या मालिका वाईट" म्हणालात की विषय संपला. त्यांची करमणूक तेवढीच असते बऱ्याचदा. नेमके मागा: "आई, मुलांच्या जेवणापुरता टीव्ही बंद ठेवूया, तुमचा भाग दुपारी लावून देते." बहुतेक मराठी मालिका वाहिन्यांच्या ॲपवर नंतर बघता येतात. मुले शाळेत असताना टीव्हीवर ॲप उघडून, भाग लावून ठेवायचे काम तुम्ही किंवा आजोबांनी करायचे. "तिथे बघता येतं ना" म्हणून रिमोट हातात दिला तर दोन दिवसांत जुनी वेळ परत येते. ते जमत नसेल तर ब्लूटूथचे हेडफोन. चित्रापेक्षा आवाज जास्त त्रास देतो: तीनदा घुमणारी थोबाडीत, कारस्थानाचे संगीत. मूल पाठमोरे बसून जेवत असले तरी ते सगळे कानात जाते.

आणि आजी बडबडत मालिका बघत असतील तर त्यांना थांबवू नका! "काय मेली कारस्थानी बाई, दुधात काय कालवतेय बघा" हे मोठ्याने म्हणणे म्हणजे पाटीपेन्सिल म्हणतात तेच, अगदी चूक घडते त्या क्षणी. फक्त एवढी विनंती करा, की कारस्थान करणाऱ्या बाईइतकाच हात उगारणाऱ्या नवऱ्यावरही शेरा येऊ द्या. तिथे बहुधा सगळे गप्प असतात.

शाळेच्या गॅदरिंगचे कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. डिसेंबर-जानेवारीत पाच वर्षांच्या मुली नको त्या गाण्यांवर नाचतात आणि पालक शूटिंग करतात. गाणी दिवाळीच्या आसपास ठरतात, तेव्हाच वर्गशिक्षिकेला लेखी द्या. तालीम सुरू झाली, कपडे भाड्याने ठरले की कुणी बदलत नाही. गाण्याचे शब्द कागदावर उतरवून चालीशिवाय वाचून दाखवा. दारू, अंगाची वर्णने, "नाही म्हणजे हो" हे तीन प्रकार कागदावर लगेच उघडे पडतात. सोबत पर्याय द्या, नुसता विरोध नको: लेझीम, मंगळागौरीचे खेळ, शेतकरी नाच, बडबडगीतांची साखळी. कोळीगीत सुचवणार असाल तर त्याचेही शब्द आधी वाचा.

पाटीपेन्सिल
काढून घेतलेल्या वेळात काय द्यायचे हेही हवे. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत, १९७१ पासूनचे, मुलासाठी. मुलीसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या. पहिल्या पातळीच्या घ्या, छापूनही घेता येतात. सावळ्या, चष्मा लावणाऱ्या, कुबडी घेतलेल्या मुली तिथे गोष्टीच्या नायिका असतात, आणि त्याबद्दल गोष्टीत कुणी अवाक्षर काढत नाही. ते जास्त कामाचे.

निंबोणी
धन्यवाद सगळ्यांना. एक राहिले: टीव्हीच्या रिमोटवर माइकचे बटण आहे, मुलगा त्यात बोलून काहीही शोधतो. इतिहास पुसून ते थांबेल का?

तारवाला
नाही, आवाजाने शोध चालूच राहतो. गूगल टीव्ही असेल तर मुलांचे वेगळे प्रोफाइल करून त्यात मोजकीच ॲप ठेवा, बाहेर पडायला पिन लावा. जुना अँड्रॉइड टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्यांत जाऊन मायक्रोफोनची परवानगी काढा. मेनूची नावे कंपनीप्रमाणे बदलतात, शोधावे लागेल. तेही नको असेल तर बाजारात त्या टीव्हीचा माइक नसलेला साधा इन्फ्रारेड रिमोट मिळतो. तो हॉलमध्ये ठेवा आणि माइकवाला कपाटात. घेण्याआधी आपल्या टीव्हीला इन्फ्रारेड चालते का ते दुकानात विचारा, टीव्हीला मागून जोडायच्या काही स्टिकना फक्त ब्लूटूथचा रिमोट चालतो.